आमवात आणि घराचा नित्यक्रम

मागील कार्तिकात काकडआरतीस येणाऱ्या भगिनींपैकी चौघींनी, देवळाच्या पायऱ्या उतरता उतरता, माझ्या आईपाशी एकच तक्रार निरनिराळ्या शब्दांत सांगितली. पहाटे उठल्यावर बोटे मिटत नाहीत. निरांजन हाती धरवत नाही. पाऊल जमिनीवर टेकले की खडीवरून चालल्यासारखे वाटते. आणि उन्हे वर आली की हळूहळू सारे सुटते. चौघींपैकी एकीनेही ही गोष्ट घरात सांगितलेली नव्हती. आईने मात्र ती ऐकताच ओळखली, कारण नऊ वर्षांपूर्वी तिची स्वतःची कथा याच वाक्यांनी सुरू झाली होती. या अंकातील पाठ त्या चौघींसाठी आणि त्यांच्या घरच्या मंडळींसाठी लिहीत आहे. मी डॉक्टर नव्हे, वैद्यही नव्हे. शाळेचे शिक्षण पुरे करून वडिलांच्या हाताखाली पूजेअर्चेस लागलेला मुलगा आहे. तेव्हा पुढे जे येईल ते डॉक्टरांकडून विचारून घेतलेले, वाचलेले, आणि पुष्कळसे घरात पाहिलेले असे आहे.

प्रथम नावाचा घोटाळा दूर केला पाहिजे. आपल्याकडे सांधा दुखला की त्यास सरसकट 'संधिवात' म्हणतात, आणि या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळे रोग झाकले जातात. एक म्हणजे उतारवयात गुडघ्याची कुर्चा झिजून होणारा विकार. तो चालल्याने वाढतो, बसल्याने उतरतो. सकाळचा ताठरपणा असला तरी बहुधा अर्ध्या तासात जातो. दुसरा तो ज्यास डॉक्टर 'ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस' म्हणतात आणि वैद्य बहुधा 'आमवात' या नावाने ओळखतात. यात झीज हे मूळ नव्हे. परक्या जंतूंशी लढण्यासाठी शरीरात जी रक्षणशक्ती असते, तीच भ्रमिष्टासारखी स्वतःच्या सांध्यांच्या अस्तरावर तुटून पडते. अस्तर सुजते, जाड होते, आणि वेळीच आवरले नाही तर कुर्चा व हाड दोन्ही कुरतडून टाकते. म्हणून विश्रांतीने हा बरा होत नाही. उलट रात्रभर निजून उठल्यावरच तो अधिक जाणवतो, आणि सकाळचा ताठरपणा तास-दीड तास, कधी दुपारपर्यंतही टिकतो. मनगटे, बोटांची मुळे, मधली पेरे आणि पावलांचे चवडे ही याची आवडती स्थाने. बहुधा दोन्ही हात एकदमच धरले जातात. त्यातच बारीक ताप, भूक मंदावणे, वजन उतरणे, आणि काहीही न करता येणारा थकवा हेही येतात.

सुमारे सातव्या-आठव्या शतकात झालेल्या माधवकरांनी आपल्या 'माधवनिदान' ग्रंथात आमवातास स्वतंत्र प्रकरण दिले. त्यातील वेदनेस त्यांनी विंचवाच्या दंशाची उपमा दिली आहे. ती उपमा बाबांनी आईला वाचून दाखविली तेव्हा ती एवढेच म्हणाली, "त्यांच्या घरातही कोणाला तरी असावा."

हा केवळ म्हाताऱ्यांचा रोग नव्हे, हेही येथेच सांगतो. तीस ते पन्नास या वयात तो पुष्कळदा सुरू होतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांस दोन-तीन पटींनी अधिक होतो. म्हणजे ज्या वयात स्त्रीच्या हातावर सारे घर चालते, नेमक्या त्याच वयात तो तिचे हात धरतो. माझ्या आईचे वय तेव्हा बेचाळीस होते.

माघ महिना होता. नर्मदाजयंतीसाठी फुलवाती वळण्याचे काम दरवर्षी तिच्याकडे असे. त्या वर्षी वाती सैल होऊ लागल्या. बाबांनी एकदा सहज म्हटले, "यंदा वाती तेल धरीत नाहीत." ती काही बोलली नाही. पुढे तिने अंगठी काढून डब्यात ठेवली; मग सहाणेवर चंदन उगाळण्याचे काम मजकडे दिले, कारण विचारले तर, "शिकायला नको का तुला?" घरच्या नैवेद्याची पुरणपोळी तिने वरवंट्यावर वाटण्याऐवजी यंत्रावर वाटून केली तेव्हा आत्याने बोलून दाखविले. या सर्वांचा अर्थ आम्हांस कळावयास चौदा महिने लागले. कळला तोही तिने सांगितल्यामुळे नव्हे. एका पहाटे तांब्याची कळशी तिच्या हातून सुटली आणि ती उचलावयास तिला वाकताच येईना, त्यामुळे.

त्या चौदा महिन्यांत आणखी एक गोष्ट घडली होती, ती आमच्या अज्ञानाची आहे. कोणा ओळखीच्यांनी सांगितल्यावरून आई एका फिरत्या औषधविक्याकडून पुड्या आणीत असे. 'शुद्ध जडीबुटी, अपाय नाही' असे सांगून तो त्या देई. गुण असा आला की तीन दिवसांत बोटे मोकळी झाली. आईला तो चमत्कारच वाटला. चार महिन्यांत मात्र तिचा चेहरा गोल व सुजट दिसू लागला, आणि पुड्या संपल्या त्या आठवड्यात चक्कर, वांत्या व अशक्तपणा यांनी ती अंथरुणास खिळली. इंदूरच्या डॉक्टरांनी चेहरा पाहूनच विचारले, "पुड्या घेत होता का?" अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. ते काही काळ चालले की शरीर आपला स्वतःचा तसा रस तयार करणे सोडून देते, आणि बाहेरचा एकाएकी थांबला की माणूस कोसळतो. ज्यांच्या घरात अशा पुड्या चालू असतील त्यांनी त्या मनाने बंदही करू नयेत. डॉक्टरांस दाखवून, त्यांच्या देखरेखीखाली उतरवीत न्याव्यात.

या चमत्काराचा खरा इतिहास जाणण्यासारखा आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीस हेच द्रव्य, कॉर्टिसोन, प्रथम टोचले. काही दिवसांतच ती चालू लागली. १९५० साली हेंच यांस आणखी दोघा संशोधकांसह नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु मोठ्या मात्रेत दीर्घकाळ दिले असता हाडे ठिसूळ होतात, रक्तातील साखर वाढते, जंतुसंसर्ग बळावतात, हे अल्पावधीतच दिसून आले. आजही डॉक्टर ते वापरतात, पण थोडक्या मात्रेत, थोड्या काळासाठी, मुख्य औषध लागू पडेपर्यंतचा आधार म्हणून.

रोग लपविण्याची ही खोड आमच्याच घराची आहे असे मला वाटत असे. पुढे भिगवणची हकीकत वाचनात आली. पुणे-सोलापूर रस्त्यावर, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठी हे गाव आहे. तेथे १९९६ साली पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा व त्यांचे सहकारी यांनी, जागतिक आरोग्य संघटनेच्या पुरस्काराने चाललेल्या एका योजनेखाली, घरोघरी जाऊन सांधेदुखीची विचारपूस केली. गावातलेच स्वयंसेवक प्रश्नावली घेऊन उंबऱ्याउंबऱ्यावर गेले. चार हजारांवर प्रौढ स्त्री-पुरुषांस विचारले, त्यांपैकी शेकडा सुमारे अठरा जणांस कोठे ना कोठे सांधे-स्नायूंचे दुखणे निघाले. खरा आमवात दर दोनशे माणसांत सुमारे एकास आढळला. आकडा लहान वाटतो. पण हजार प्रौढांच्या वस्तीत पाच, असा हिशेब केला म्हणजे आपल्या धरमपुरीत गल्लोगल्ली हा रोग असणार हे ध्यानी येते. त्या हकीकतीत मला सर्वांत अधिक महत्त्वाची वाटली ती पद्धत. दवाखाना गावात उघडून वाट पाहिली नाही, दारी जाऊन विचारले. विचारल्यावाचून जे कोणी सांगत नाही ते विचारल्यावर सांगितले जाते. आपल्या घरातही हीच पद्धत चालेल. "सकाळी बोटे मिटतात का? किती वेळाने?" एवढे दोन प्रश्न घरच्या कर्त्या माणसाने एकदा विचारावेत.

आणि ते लौकर विचारावेत. हाडांची नासाडी पुष्कळदा पहिल्या दोन वर्षांतच सुरू होते, आणि एकदा वाकलेले बोट औषधाने सरळ होत नाही. आईच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटे करंगळीच्या बाजूस कलली आहेत ती त्या चौदा महिन्यांची खूण होय. पुढील आठ वर्षांत बाकीची बोटे कलली नाहीत. रक्ताच्या तपासण्या अनेक आहेत, त्यांत 'आर. ए. फॅक्टर' निघाला नाही म्हणून रोग नाही असे समजून कित्येक जण घरी परततात, ते बरोबर नव्हे. तो काहींच्या रक्तात निघतच नाही, आणि कधी निरोग्याच्या रक्तातही निघतो. सांधे हाताने चाचपून पाहणारा जाणता डॉक्टर हवा.

औषधांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण येथे चूक झाली तर प्राणावर बेतते. या रोगाचे आज मुख्य औषध मेथोट्रेक्झेट हे आहे. ज्या अमेरिकन प्रयोगशाळेत ते १९४० च्या दशकात तयार झाले तिचे संशोधनप्रमुख आंध्रातील भीमवरम येथे १८९५ साली जन्मलेले यल्लाप्रगड सुब्बाराव हे होते. रक्ताच्या कर्करोगाने पीडित मुलांसाठी ते प्रथम योजले गेले. आमवातावर त्याचा रीतसर वापर करण्यास अमेरिकेत १९८८ साली मान्यता मिळाली. सुब्बाराव १९४८ सालीच वारले होते. तेव्हा हे परदेशी विष आहे, असे जे आपल्याकडे म्हटले जाते, त्यास एवढे उत्तर पुरे.

परंतु हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते, रोज नव्हे. बाकी सर्व गोळ्या रोजच्या असतात, यामुळे ही गोळीही रोज घेतली जाते आणि मग तोंड सोलून निघते, रक्तपेशी घटतात, आणि माणूस दगावल्याचेही प्रसंग घडले आहेत. आमच्या घरी त्यासाठी गुरुवार ठरविला. दिनदर्शिकेवर प्रत्येक गुरुवारी बाबा कुंकवाचे बोट उमटवितात, ते गोळी पोटात गेल्यावरच, आधी नाही. शुक्रवारी आईला मळमळते व गळून गेल्यासारखे होते, म्हणून शुक्रवारी तिच्याकडे काहीही काम ठेवीत नाही. सोबत फॉलिक ॲसिडची गोळी डॉक्टर सांगतील त्या दिवशी घ्यावी लागते, आणि ठराविक मुदतीने रक्त व यकृत यांची तपासणी चुकवून चालत नाही. ज्या तरुण भगिनींस मूल हवे आहे त्यांनी ती गोष्ट डॉक्टरांस आधी सांगितलीच पाहिजे. गर्भास हे औषध अपायकारक आहे. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे दुसरे औषध दीर्घकाळ चालते, त्यासाठी डोळे तपासून घ्यावे लागतात. २०२० च्या मार्चात करोनावर हेच रामबाण आहे अशी आवई उठली आणि लोकांनी ते साठवून ठेविले. शासनाने ते केवळ चिठ्ठीवर देण्याचा निर्बंध घातला. पुढे त्याच वर्षी करोनावर त्याचा उपयोग नाही असे सिद्ध झाले, पण मधल्या काळात ज्यांचे ते नित्याचे औषध, त्यांच्या हातच्या गोळ्या संपत आल्या. आईने तेव्हा बावीस दिवस अर्ध्या गोळीवर काढले. तेव्हापासून एका महिन्याचे औषध शिलकीस ठेवल्यावाचून आम्ही राहत नाही.

आता आपल्या घरांतील खरी अडचण. उपास असला म्हणजे औषध चुकते. वस्तुतः धर्मशास्त्राने व्रताचा भंग न करणाऱ्या ज्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत, त्यांत पाणी, मुळे, फळे व दूध यांबरोबर औषधही स्पष्ट सांगितले आहे. दुखणे उतरविणारी गोळी रिकाम्या पोटी घेतली तर पोटात व्रण होण्याचे भय असते. तेव्हा एकादशीसही दूध-केळे घेऊन मगच ती घ्यावी, यात व्रताला बाध नाही. स्नानाचेही तसेच आहे. शास्त्रात स्नानाचे सात प्रकार दिले आहेत. पाण्यात बुडी मारणे हा त्यांतला एक. मंत्राने, भस्माने आणि केवळ मनाने करावयाचे स्नानही त्यांतच आहे, आणि आजाऱ्यासाठी ते विहित आहे. तरी आमच्या आईने पहिली दोन वर्षे माघातील पहाटेचे नर्मदास्नान सोडले नव्हते. ते बाबांनी तिला समजावून सोडविले, आणि खरे सांगावयाचे तर बाबांना ते समजावून सांगावयास वर्ष लागले. पुरोहिताच्या घरी शास्त्रातील सवलती दुसऱ्यांसाठी असतात, स्वतःसाठी नाहीत, असा एक अलिखित नियम असतो.

ती आता ऊन पाण्याने, आठ वाजता स्नान करते. त्यापूर्वी अंथरुणातच बोटे, मनगटे, घोटे हळूहळू हलविते. मग ऊन पाण्याच्या परातीत दहा मिनिटे हात बुडवून मुठी मिटते-उघडते. चहा बाबा करतात. कणीकही तेच मळतात, आणि पहिल्या दिवशी ती इतकी घट्ट मळली गेली होती की लाटणे चालेना. देवघरात पाटाऐवजी उंच स्टूल आले. पळी, उलथणे यांच्या दांड्यांस जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या गुंडाळून ते जाड केले, कारण बारीक वस्तू चिमटीत धरण्यास जो जोर लागतो तो सुजल्या पेरांस सर्वांत अधिक बाधतो. कळशीऐवजी लहान तांब्या, आणि तोही बोटांनी न धरता दोन्ही तळव्यांनी. नळाची चकती काढून लांब दांड्याचा नळ बसविला. ओले कपडे पिळावयाचे नाहीत, निथळत ठेवावयाचे. देवळाची फरशी थंडीत तिच्या चवड्यांस सोसत नाही, म्हणून ती सुती मोजे घालून येते. यावर कोणी कुजबुज केली होती, परंतु सुती मोज्यांस कोठेही निषेध नाही असे बाबांनी सांगितल्यावर ती थांबली. अकरा प्रदक्षिणांऐवजी ती जागच्या जागी एक आत्मप्रदक्षिणा घालते.

खाण्यापिण्याचा प्रश्न सर्व जण विचारतात. दही, चिंच, लिंबू यांनी हा रोग होतो किंवा ती सोडल्याने जातो, असे नाही. एखाद्या पदार्थाने आपणांस त्रास होतो असे वारंवार दिसले तर तो सोडावा, इतकेच. तंबाखूचे मात्र निश्चित आहे. विडी-सिगारेटने हा रोग होण्याचा संभव वाढतो, आणि झाल्यावर तो अधिक उग्र होतो.

सर्वांत अवघड गोष्ट सांगावयाची राहिली, ती म्हणजे थकवा. सूज दिसते, वाकडे बोट दिसते. थकवा दिसत नाही. त्यामुळे एक दिवस हसतमुखाने वीस माणसांचा स्वयंपाक करणारी बाई दुसऱ्या दिवशी उठत नाही, याचा अर्थ घरात आळस असा लावला जातो. आईही चांगल्या दिवशी साचलेली सारी कामे उरकावयास धावे आणि त्याचे व्याज तीन दिवस फेडी. आपल्या काठावरून परिक्रमावासी जातात, त्यांच्याकडून ती एक युक्ती शिकली. ते आज पाय चांगले आहेत म्हणून दुप्पट मजल मारीत नाहीत, आणि चातुर्मासात मुक्काम करतात. त्यामुळे परिक्रमा मोडत नाही. आई आता कामाचे तुकडे करते. बरे वाटत असले तरी ठरविल्या वेळी उठते, आणि सांधे सुजतील त्या आठवड्यात चातुर्मास धरते.

केरळातील मेल्पत्तूर नारायण भट्टतिरी हे सोळाव्या शतकातील पंडित वातरोगाने जखडले होते. गुरुवायूरच्या देवळात बसून त्यांनी 'नारायणीयम्' रचले. त्यात शंभर दशके आहेत, आणि रोज एक दशक रचले अशी परंपरा आहे. शेवटी ते रोगमुक्त झाले, असे ही कथा सांगते. आमच्याकडे ती बहुधा देवाच्या कृपेची कथा म्हणून सांगतात. आईला मात्र त्यातला रोजचा दहा श्लोकांचा हिशेब आवडतो. फ्रान्समधील चित्रकार रन्वार यास हाच रोग होता. अखेरच्या वर्षांत त्याची बोटे इतकी आत वळली होती की तळव्यास कापडाची पट्टी बांधून घरची माणसे हातात कुंचला देत, आणि १९१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो चित्रे काढीत राहिला. हे वाचून आई म्हणाली, "कुंचला देणारी माणसे होती, ते लिहिले आहे का त्यात?"

'गेल्या जन्मीचे भोग' हे शब्द तिच्या कानी पुष्कळ वेळा पडले आहेत. बोलणारे दुष्ट नसतात. त्यांना काहीतरी बोलावयाचे असते. पण ज्या बाईने चौदा महिने दुखणे लपविले, तिला हे शब्द आणखी चौदा महिने लपविण्यास शिकवितात. त्यापेक्षा तिच्या हातातली परात घ्यावी.

त्या चौघींपैकी दोघी पुढील महिन्यात आईच्या तपासणीच्या दिवशी आमच्याबरोबर इंदूरला येणार आहेत. एकीच्या घरी अद्याप ठाऊक नाही. हा अंक त्यांच्याकडेही जातो, तेव्हा आता कळेल. पहाटेची बस कोणासच जमणारी नव्हती, कारण बोटे उघडेपर्यंत नऊ वाजतात. म्हणून दहा वाजता निघणारी मोटार ठरविली आहे. तीत अजून दोन जागा आहेत.